माशाचा काटा आणि दहा मार्क

परवा नांदगाव रोड स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी इंजिनिअरिंगचा एक पोरगा टोटल क्वालिटी मॅनेजमेंटच्या नोट्स घोकत होता. विचारलं, "डेमिंग सायकल म्हणजे काय रे?" प्लॅन, डू, चेक, अ‍ॅक्ट, धडाधड म्हणून दाखवलं. "कधी वापरलंस?" तर म्हणे, "दादा, ता दहा मार्कांक येता!"

त्याला काय बोलणार? मीही तेच केलं होतं. इशिकावाचा 'फिशबोन' झोपेत काढून दाखवला असता. पण नोकरीत पहिल्यांदा सिस्टीम बंद पडली तेव्हा तोंडातून पहिला प्रश्न आला, "कोणी केलं?" "का झालं?" हे सुचलंच नाही.

मंडळी, या प्रश्नासाठी जपानला जायची गरज नाही. त्याच रुळांवर, मुंबईच्या बाजूला वैभववाडीजवळ, २२ जून २००३ च्या रात्री दरडीमुळे गाडी घसरली. पन्नासच्या वर माणसं गेली. दरड का आली? पाऊस. बरं, पाऊस तर दरवर्षी येतो. मग गाडी नेहमीच्याच वेगाने का? कटिंगवर नजर का नाही? हे विचारत गेलं की आज जे दिसतं त्याचा अर्थ लागतो: पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक, कमी केलेला वेग, रुळांवरची गस्त, दरडींवरच्या जाळ्या. नुसता ड्रायव्हर शोधून शिक्षा केली असती तर पुढच्या जूनमध्ये डोंगर तिथेच होता.

आणि आमच्या पोरांना आपण काय शिकवतो? टोयोटाचे पाच 'का'. पाठ करून.

"सिलॅबस विद्यापीठाचा, आम्ही काय करणार?" हे उत्तर मला पटत नाही. त्या दहा मार्कांत एवढंच करा: कॉलेजातलीच एक कटकट पकडा. लॅबमधले बंद पीसी, फी भरायची रांग, काहीही. तीस दिवस रोज मोजा. एक बदल करा. पुन्हा तीस दिवस मोजा. आकडा हलला नाही तरी मार्क द्या, पण न मोजता लिहिलेल्या व्याख्येला शून्य.

नॅकसाठी कॉलेजात क्वालिटी सेल असतोच. त्यात पोरांचं काम काय, तर फीडबॅक फॉर्म भरणं. अहो, त्याच पोरांना मोजायला बसवा की!

माशाचा काटा कसा काढायचा हे मालवणी पोराला वहीत शिकवावं लागत नाही. ताटात मासा वाढा, बस्स.