विष शिशाचे, दोष कामगाराचा?

१९२४ सालच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात, पेट्रोलमध्ये मिसळावयाचे शिशाचे संयुग तयार करणारे कामगार एकाएकी भ्रमिष्ट झाले. त्यांना भास होऊ लागले. काहींना बांधून ठेवावे लागले. पाच जण दगावले. व्यवस्थापनाचा खुलासा असा की, या माणसांना बहुधा अतिश्रम भोवले असावेत!

या खुलाशाला शंभर वर्षे उलटली. त्यामागील वृत्ती मात्र शाबूत आहे. शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेऊन वावरते, मेंदूत शिरते आणि मज्जापेशींमधील संदेशवहन बिघडविते. प्रौढ माणसात हे बहुधा सावकाश घडते. स्मरण दगा देते, चिडचिड वाढते, डोके दुखते, हातांची चपळाई जाते. विष फार साचले की मनगटे लुळी पडतात. हाडांत साठलेले शिसे पुढे अनेक वर्षे रक्तात झिरपत राहते. काम सुटले तरी विष सुटत नाही.

मोडलेला पाय चारचौघांना दिसतो. बिघडलेली मज्जासंस्था दिसत नाही. म्हणून असा कामगार मुकादमाच्या लेखी कामचुकार आणि घरच्यांच्या लेखी तापट ठरतो. रोगाचे लक्षण हाच त्याचा अपराध होतो.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने नोंद सक्तीची केलेल्या रोगांच्या यादीत पहिले नाव शिशाच्या विषबाधेचे होते आणि दुसरे बेवेच्या त्याच संयुगाच्या विषबाधेचे. पेट्रोलमधील शिसे २००० साली आपण हद्दपार केले. परंतु जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणाऱ्या छोट्या भट्ट्यांचे काय? ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याचा रोग नोंदवहीत कोण लिहिणार?

उपाय अवघड नाहीत. धूर आणि धूळ जागच्या जागी खेचून घेणारी यंत्रणा हवी. रक्तातील शिशाची नियमित तपासणी व्हावी आणि तिचा निकाल कामगाराच्या हाती पडावा. प्रमाण वाढलेले आढळताच मजुरीत कपात न करता त्याला शिशापासून दूरचे काम द्यावे. तपासणी म्हणजे रोजगारावर पाणी, असे समीकरण राहिले तर कामगार स्वतःच तपासणी टाळील. आणि त्यालाही आपण त्याचाच निष्काळजीपणा म्हणू! औषधाने रक्तातील शिसे उतरविता येते. गमावलेली स्मृती परत येईलच, अशी हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही.