चालता संगणक भंगारात का?
जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या आमच्या चौक गावात सातबारा काढायचा किंवा दाखल्याचा अर्ज भरायचा, तर झेरॉक्सच्या दुकानातला जुना संगणकच कामी येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद केले आणि अशा हजारो दुकानदारांच्या पोटात गोळा आला. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. तेवढं बहुतेकांकडे असतं. गाडी अडते ती टीपीएम २.० या सुरक्षा चिपपाशी आणि प्रोसेसरपाशी. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा हवा. पासवर्ड, किल्ल्या जपणारी चिप हवीच, त्याला माझा विरोध नाही. पण ठणठणीत चालणारं यंत्र निव्वळ मायक्रोसॉफ्टच्या प्रोसेसर-यादीत नाही म्हणून बाद करणं मला अन्यायाचं वाटतं, आणि लोक चिडले ते योग्यच. तरी घाईने नवा संगणक घेऊ नका. आधी संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बायॉस सेटिंगमध्ये डोकावा. पुष्कळदा टीपीएम असतं, फक्त बंद ठेवलेलं असतं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टकडे नावनोंदणी करून विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. शिवाय विंडोजऐवजी सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स मोफत आहे, मराठीतही चालतं. मात्र ते टाकण्याआधी आपला प्रिंटर आणि अंगठ्याचं यंत्र त्यावर चालतं का, हे तपासून घ्या.