वर्गातला बहिष्कार कोणाच्या नोंदवहीत?

प्रति,
मा. कुलगुरू, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड
आणि हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राचार्य



दहा जणांनी ठरवून एकीशी बोलणे बंद करायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर तिला वगळून नवा ग्रुप काढायचा. प्रॅक्टिकलची बदललेली वेळ तिला कळू द्यायची नाही. मग तिच्याबद्दल काहीबाही उठवून द्यायचे. अंगाला कोणी हात लावत नाही, त्यामुळे तुमच्या रॅगिंगविरोधी समितीच्या नोंदवहीत यातले काहीच येत नाही.

आमच्या पुसेगावसारख्या गावांतून शिकायला गेलेल्या मुलीला हे जास्त महागात पडते. कॉलेजात उठलेली कुजबुज गावात पोचायला वेळ लागत नाही. ती पोचली, की घरचे खरेखोटे बघत बसत नाहीत; शिक्षण थांबवतात, स्थळे बघू लागतात. हे तिला ठाऊक असते, म्हणून ती कॉलेजात बोलत नाही आणि घरीही. त्रास देणाऱ्यांनाही नेमके हेच ठाऊक असते.

‘पोरींची भांडणं, मिटतील आपोआप,’ असे म्हणून हा विषय झटकला जातो. संशोधक नोएल कार्ड आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मुले व किशोरवयीनांवरील 148 अभ्यासांचा आढावा घेतला. अशा आडून केलेल्या छळात मुलगे आणि मुली यांच्यातला फरक त्यांना नगण्य आढळला. तेव्हा ही पोरींची खोड म्हणून सोडून देता येत नाही.

कायद्याची वाट बघण्याचीही गरज नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा 1999 चा आहे. मानसिक इजा, भीती, लाज वाटेल अशी वागणूक त्यात येते. लेखी तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. टाळाटाळ केली तर तो गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांतही नवागतांबरोबर ‘इतर कोणताही विद्यार्थी’ धरला आहे. म्हणजे वर्गमित्रांनी केलेला छळही त्यात बसतो. जात पंचायतीने कुणाला वाळीत टाकले तर 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेच वर्गात घडले, तर आपण त्याला किरकोळ का म्हणायचे?

22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून हिणवल्याचे, चारचौघांत पाणउतारा केल्याचे आरोप आहेत. हा त्रास रुग्णालयातल्या वरिष्ठांच्या आधीच कानावर घातला होता, असे कुटुंबीय सांगतात. ‘लेखी द्या, मग बघू’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने हे लक्षात ठेवावे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. सूचनाफलकावर मराठीत स्पष्ट लिहा, की ठरवून एकटे पाडणे आणि अफवा उठवणे हाही छळच आहे. प्रोजेक्टचे गट आणि वसतिगृहाच्या खोल्या चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे ‘हिला कोणी घेत नाही’ हा प्रसंगच येणार नाही. वेळापत्रक मुलांच्या ग्रुपवर सोपवू नका. कॉलेजने ते प्रत्येकाला कळवावे. तोंडी तक्रारही नोंदवून घ्या. आणि मुलीला विचारल्याशिवाय घरी फोन करू नका. त्या एका फोनच्या धाकानेच ती गप्प बसते.

प्रवेशाच्या वेळी तुम्ही आमच्याकडून रॅगिंगविरोधी हमीपत्र घेता, आम्ही सही करतो. येत्या प्रवेशाला सात दिवसांत चौकशी करण्याचे हमीपत्र प्राचार्यांच्या सहीने आम्हालाही मिळावे.

आपला,
एक पालक
पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली