बेचैनी हीच निष्ठा

गायिका नेकाचे वडील नायजेरियातले इग्बो, आई जर्मन. ती तेलसमृद्ध नायजर डेल्टातल्या वारी शहरात वाढली, पुढे हॅम्बुर्गला गेली. २००८च्या तिच्या दुसऱ्या अल्बमचं नाव ‘नो लाँगर ॲट ईज’. हे नाव चिनुआ अचेबे यांच्या १९६०च्या कादंबरीचं. इंग्लंडात शिकून परतलेला तरुण लाचखोरीत कसा अडकतो, याची ती कथा.

नेका सोल आणि रेगेच्या चालीत डेल्टाची लूट मांडते. भ्रष्ट राज्यकर्त्यांना सोडत नाही, परदेशी कंपन्यांनाही नाही. मी उर्दू-मराठी दोन्ही शिकवतो. ‘तुम्ही नक्की कुठले?’ हा प्रश्न ओळखीचा आहे. नेका दोन्ही घरांना जाब विचारते. दोन घरांच्या माणसाकडे निष्ठेचा पुरावा मागण्यापेक्षा त्याचे सवाल ऐका. त्याची बेचैनी हीच त्याची निष्ठा.