वाटाड्याचं नाव

कागद महागला, अवकाळी पावसानं शेतकऱ्याची दिवाळी यंदाही काळवंडली, काही जुने लेखक आपल्यातून गेले. यातल्या प्रत्येकावर लिहिता आलं असतं. पण वर्षभर मला सलत राहिले ते अंकासाठी आमच्या कार्यालयात येणारे प्रवासलेख. त्यांत हॉटेलचं नाव असतं, विमान कंपनीचंही असतं. ज्यानं डोंगर चढवला, होडी वल्हवली, तो मात्र नुसता 'आमचा गाइड'. असे लेख यंदा मी परत पाठवले. काहींना राग आला. माझा निर्णय बदललेला नाही.

'दर्यापार' हा यंदाच्या अंकाचा विषय ठरल्यावर तर ही सल वाढलीच. जेम्स कुकचं 'एन्डेव्हर' जहाज १७६९ साली ताहितीहून निघालं तेव्हा त्यावर तुपाइया होता. रायातेया बेटावरचा पुरोहित, तारे-वारे-लाटा वाचून मार्ग सांगणारा दर्यावर्दी. त्याच्या माहितीवरून सत्तरहून अधिक बेटांचा नकाशा जहाजावर तयार झाला. न्यूझीलंडच्या माओरींशी बोलणं झालं ते त्याच्यामुळेच. दोघांच्या भाषा एकाच कुळातल्या. एप्रिल १७७० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॉटनी बेच्या किनाऱ्यावर तिथली मूळ रहिवासी ग्वीगल माणसं भाले घेऊन आडवी आली, तेव्हा मात्र त्यांचं बोलणं त्यालाही कळलं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस बटाव्हियात (आजच्या जाकार्तात) आजारानं तो गेला. आपण शाळेत कुक पाठ केला. तुपाइया कुणी शिकवलाच नाही.

कुकच्या त्याच सफरीत या किनाऱ्यावर जेमतेम आठवडा काढलेल्या निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्सनं १७७९ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की कैद्यांच्या वसाहतीला बॉटनी बे योग्य आहे, तिथं वस्ती अगदी विरळ. पुढे कैद्यांना घेऊन अकरा जहाजं निघाली. जानेवारी १७८८ मध्ये पोचलेल्या गव्हर्नर आर्थर फिलिपला तिथं पुरेसं गोडं पाणीही मिळेना. २६ जानेवारीला उत्तरेच्या पोर्ट जॅक्सनमध्ये, गॅडिगल लोकांच्या भूमीवर, त्यानं ब्रिटिश झेंडा रोवला. तेच आजचं सिडनी. पुढच्याच वर्षी देवीच्या साथीनं तिथले मूळ रहिवासी पटापट दगावले. इकडे वसाहतीत पीक धड येईना, शिधा घटत गेला. त्याच दिवसांत विल्यम डॉज या अधिकाऱ्याला पट्येगरांग नावाची तरुणी आपली भाषा शिकवत होती. तिची वाक्यं त्यानं वहीत उतरवली, तिच्या नावासकट. सिडनीची ती भाषा आज पुन्हा शिकली जाते आहे, त्यात या वह्यांचा मोठा आधार आहे. लेखकांकडे मी मागतो ते एवढंच.

२६ जानेवारीला सिडनीतली मराठी मंडळी आपला प्रजासत्ताक दिन साजरा करतात. त्याच दिवशी, त्याच शहरात, मूळ रहिवासी निषेधाचा मोर्चा काढतात. त्यांच्या लेखी तो आक्रमणाचा दिवस. तिथल्या आपल्या वाचकांपैकी कुणी त्या मोर्च्यात चाललं असेल, शेजारी चालणाऱ्याशी बोललं असेल, तर त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावं. जागा राखून ठेवतो.