कुंदुझचा निर्णय: खटला मिटला, प्रश्न उरला

४ सप्टेंबर २००९ च्या मध्यरात्रीनंतर अफगाणिस्तानात कुंदुझजवळ, तालिबानने पळवलेले इंधनाचे दोन टँकर नदीपात्रातील वाळूत रुतले होते. जवळच्या जर्मन तळाचे प्रमुख कर्नल गेओर्ग क्लाइन यांच्या आदेशावरून अमेरिकन विमानांनी त्यांवर दोन बाँब टाकले. सुमारे शंभर माणसे मेली. त्यांत इंधन न्यायला आलेले गावकरीही होते.

हा निर्णय आपण तीन कसोट्यांवर तपासून पाहू.

उपयुक्ततावाद परिणाम मोजतो. ते टँकर तळावर आदळले असते तर कित्येक सैनिक गेले असते, हे खरे. पण टँकर रुतलेले होते, घाई कसली? कांटचा कर्तव्यवाद म्हणतो, निरपराध माणसाला साधन करू नका. तिथे फक्त बंडखोर आहेत, असे खबऱ्याने सांगितले होते; पण एकाच्या शब्दावर किती विसंबायचे? ॲरिस्टॉटलची सद्गुणनीती विवेक पाहते. वैमानिकांनी आधी कमी उंचीवरून विमाने नेऊन लोकांना पांगवण्याची तयारी दाखवली होती. ती नाकारली गेली.

२०१० मध्ये जर्मन सरकारी वकिलांनी क्लाइन यांच्याविरुद्धचा तपास बंद केला. २०२१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही तो तपास पुरेसा ठरवला. अंधारात, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणाऱ्याला गुन्हेगार म्हणणे सोपे नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण तिन्ही कसोट्या शेवटी एकाच जागी येऊन थांबतात: खात्री करून घ्यायला वेळ हाताशी होता, तो का वापरला नाही?