०.३ × ०.४ चं उत्तर १.२ का नाही?

०.३ गुणिले ०.४ किती? अनेक मुलं १.२ लिहितात. बेरजेत एकाखाली एक टिंब ठेवायची सवय असते, तीच गुणाकारात नडते. ‘दोन्ही संख्यांची दशांश स्थळं मोजा आणि तितकी घरं सोडून टिंब द्या’ हा नियम पाठ असतो, पण तो का चालतो हे कळलेलं नसतं.

इथे क्षेत्रफळाचं चित्र कामी येतं. १०० चौकोनांचा मोठा चौरस म्हणजे १. त्यातले ३ उभे स्तंभ रंगवले की ०.३. दुसऱ्या रंगाने ४ आडव्या ओळी रंगवल्या की ०.४. दोन्ही रंग १२ चौकोनांवर एकत्र येतात. १०० पैकी १२, म्हणजेच ०.१२. गुणाकाराने संख्या वाढतेच, हा समजही इथेच मोडतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये घोकंपट्टीपेक्षा संकल्पना समजण्यावर भर आहे. वर्गात तो असा दिसू शकतो.

अर्थात, २.३५ × १.७ साठी चौकोन रंगवत बसणं परवडत नाही. तिथे नियमच लागतो. पण आधी चित्र पाहिलेलं मूल १.२ लिहिताना थबकतं: ०.४ चाही काही भागच घेतलाय, मग उत्तर १ च्या वर कसं जाईल?